खोडदच्या दुर्बिणीला परग्रहवासी ऐकू येतील का?

प्रश्न दुपदरी आहे. विश्वात आणखी कुठे बुद्धिमान जीव आहेत का, हा एक. आणि असतील, तर पुण्यापासून जेमतेम ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटीसारखी अजस्र रेडिओ दुर्बीण उभी असताना आजवर काहीच कसं ऐकू आलं नाही, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर एका ओळीत संपतं: असल्याचाही पुरावा नाही आणि नसल्याचाही नाही. दुसऱ्याला मात्र जागा लागते. 'काहीच ऐकू आलं नाही' म्हणताना किती ऐकलं, कशानं ऐकलं आणि केवढा आवाज असता तर ऐकू आला असता, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नाही.

आधी पक्क्या गोष्टी उरकून घेऊ. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ साली सापडला. आता खात्री झालेल्या परग्रहांची संख्या ६,००० च्या वर आहे. म्हणजे ग्रहांची वानवा नाही. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं, आणि सूक्ष्मजीवांच्या खुणा किमान ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळतात. याचा अर्थ इथं जीव लवकर आला. पण बहुपेशीय प्राणी गेल्या ६० कोटी वर्षांच्या आसपासचे, आणि रेडिओ लहरी मुद्दाम निर्माण करून वापरणारा प्राणी जेमतेम १३० वर्षांचा. जीव आणि बुद्धी या दोन गोष्टींची गल्लत बातम्यांमध्ये सर्रास होते. २०२५ मध्ये के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणातल्या एका वायूवरून गदारोळ झाला, तो सूक्ष्मजीवांच्या शक्यतेबद्दल होता, आणि त्या मोजमापावरही शास्त्रज्ञांचं एकमत नाही. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००१ आणि २००५ साली हैदराबादहून ४१ किलोमीटरपर्यंत बलून सोडून हवेचे नमुने गोळा केले. त्यात जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्या, एकीला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं नाव दिलं गेलं. पुण्यात हे 'आयुकाला (नारळीकरांनी उभारलेल्या खगोलशास्त्र संस्थेला) परग्रहावरचे जीव सापडले' असं सांगितलं जातं. तसं सिद्ध झालेलं नाही, आणि सापडले असते तरी ते जिवाणूच होते.

आता संख्येचा अंदाज. आकाशगंगेत आपल्याला ऐकू येऊ शकतील अशा संस्कृती किती, हे काढण्यासाठी अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी १९६१ साली मांडलेलं समीकरण सगळ्यांना माहीत असतं, पण त्यात आकडे घालून बघायचे कष्ट कमी लोक घेतात. आपल्या आकाशगंगेत वर्षाला साधारण दोन नवे तारे जन्मतात असं धरा. जवळपास प्रत्येकाला ग्रह, आणि दर पाच ताऱ्यांमागे एक राहण्याजोगा ग्रह. गुणाकार झाला ०.४. पुढच्या तीन पायऱ्या म्हणजे जीव निर्माण होणं, त्याला बुद्धी येणं आणि त्यानं रेडिओ वापरणं. तिन्ही दर वेळी घडतातच असं उदारपणे धरलं आणि अशी संस्कृती सरासरी १,००० वर्षं टिकते म्हटलं, तर आज आकाशगंगेत ४०० संस्कृती. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण आकाशगंगेची तबकडी एक लाख प्रकाशवर्षं रुंद आहे, त्यामुळे दोन शेजाऱ्यांमधलं सरासरी अंतर निघतं साडेचार हजार प्रकाशवर्षांच्या घरात. हजार वर्षं जगणाऱ्यांचा निरोप साडेचार हजार वर्षांनी पोचणार! संवाद विसरा, फार तर कुणीतरी केव्हातरी पाठवलेलं एकतर्फी काही आपल्या कानावर पडेल. आणि जीव निर्माण होण्याची शक्यता दहात एक, बुद्धी येण्याची शंभरात एक धरली की ४०० चे होतात ०.४. मधल्या तिन्ही पायऱ्यांसाठी आपल्याकडे उदाहरण एकच आहे, आपलं स्वतःचं. म्हणून हे समीकरण उत्तर काढायला वापरू नये. आपलं अज्ञान नेमकं कुठल्या पायरीवर आहे, हे दाखवायला ते उत्तम आहे.

आता खोडदकडे वळू. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. चौदा मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकात, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, आणि टोकाटोकातलं अंतर २५ किलोमीटर. सुधारणा झाल्यावर ती साधारण १२० ते १४६० मेगाहर्ट्झमधला बहुतेक पट्टा ऐकते. सगळ्या डिशचं क्षेत्रफळ मिळून ४७,७०० चौरस मीटर. त्यातलं सुमारे ६० टक्के उपयोगी आणि यंत्रणेचं तापमान (म्हणजे तिच्या एकूण गोंगाटाचं माप) १०० केल्विन धरलं, तर संवेदनक्षमता कागदावर काढता येते. टाऊ सेटी हा सूर्यासारखा तारा १२ प्रकाशवर्षांवर आहे. तिथून कुणी एकाच हर्ट्झमध्ये एकवटलेला सूर सोडला, आपण ३० च्या ३० डिश जोडून पाच मिनिटं ऐकलं, आणि सिग्नल गोंगाटाच्या दहापट हवा अशी अट घातली, तर आपल्या दिशेनं किमान सुमारे ६५० कोटी वॉट इतकी परिणामी शक्ती लागते. परिणामी शक्ती म्हणजे प्रक्षेपकाची शक्ती गुणिले अँटेनानं ती एका दिशेला किती पट एकवटली तो आकडा. हा गुणाकार विसरला की सगळे हिशोब कोलमडतात.

त्यांच्याकडे सिंहगडावरच्या दूरदर्शन मनोऱ्याच्या तोडीचं काही असेल तर? परिणामी शक्ती एक लाख वॉट धरू आणि ती सगळी एका हर्ट्झमध्ये आहे असं मानू, जे खरं नसतं. खोडदला तो मनोरा सूर्य–पृथ्वी अंतराच्या तीन हजार पटींपर्यंत ऐकू येईल. सर्वांत जवळचा तारा आहे २ लाख ६८ हजार पटींवर. म्हणजे 'आपल्या मालिका परग्रहवासी बघत असतील' हा विनोद विनोदच राहतो. आकाशवाणीच्या मध्यम लहरी तर आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परत फिरतात, त्यांचं बाहेर जाणं फारसं होतच नाही. एफएम आणि टीव्ही निसटतात, पण इतके विरळ होऊन की आपल्याच दर्जाच्या दुर्बिणीला ते मिळणार नाहीत. याउलट प्वेर्टो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीच्या, ग्रहांवर रोखायच्या रडारची परिणामी शक्ती २० लाख कोटी वॉटच्या घरात होती. तसा झोत खोडदच्या पट्ट्यात आणि नेमका आपल्याकडे रोखलेला असेल, तर साडेसहाशे प्रकाशवर्षांवरूनही पकडता येईल. मात्र रडारचा झोत अरुंद असतो आणि आकाशात फिरत राहतो. तो आपल्यावर असेल त्याच मिनिटांत आपणही त्याच दिशेला, त्याच वारंवारतेवर ऐकत असायला हवं.

आणि इथंच आजवरच्या शांततेचं बरंचसं उत्तर आहे. १९६० साली ड्रेक यांनी २६ मीटरच्या डिशनं दोन तारे ऐकले तेव्हापासून शोध चालू आहे, २०१५ पासून ब्रेकथ्रू लिसन या खासगी पैशावरच्या शोधप्रकल्पानं त्यात मोठा पैसा आणि दुर्बिणींचा वेळ ओतला. तरी दिशा, अंतर, वारंवारता, बँडविड्थ, वेळ, ध्रुवीकरण (लहर कुठल्या दिशेत कंप पावते ते) असं सगळं धरून काढलेल्या २०१८ च्या एका हिशोबात तपासलेला भाग इतका लहान निघाला, की पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या मानानं एक मोठा हौद. हौदात मासा नाही, एवढंच आपल्याला कळलं आहे. 'विश्वात आपण एकटेच' हा निष्कर्ष त्यातून काढणं घाईचं, आणि 'ते आहेत पण सरकार लपवतंय' हे तर निव्वळ मनोरंजन. रेडिओ दुर्बिणीवर अनेक देशांतले लोक काम करतात आणि प्रत्येकाला पहिलं नाव आपलं हवं असतं. लपवाछपवी तिथं टिकणार नाही.

समजा उद्या खोडदला काही दिसलंच, तर ते खरं कसं ठरवायचं? पहिली कसोटी रुंदीची. निसर्गातले ज्ञात स्रोत वारंवारतेत पसरट असतात. सर्वांत अरुंद म्हणजे अवकाशातले मेसर (वायूच्या ढगांत आपोआप तीव्र होणारे रेडिओ सूर), तेही शेकडो हर्ट्झ रुंद. एक-दोन हर्ट्झचा काटा दिसला तर तो यंत्रानंच केलेला. प्रश्न फक्त यंत्र कुणाचं, हा.

दुसरी कसोटी सरकण्याची, आणि हिच्यावर थोडं थांबायला हवं. पृथ्वी फिरते म्हणून आपल्या अक्षांशावरची दुर्बीण अक्षाच्या दिशेनं सतत सुमारे ०.०३२ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतक्या त्वरणानं ओढली जात असते. दूरवर स्थिर असलेल्या स्रोताचा १४२० मेगाहर्ट्झचा सूर त्यामुळे दर सेकंदाला ०.१५ हर्ट्झपर्यंत खाली सरकतो. पाच मिनिटांत ४५ हर्ट्झ. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फिरण्याचा वाटा जास्तीत जास्त ०.०३, आणि समोरचा ग्रह फिरत असेल तर त्याचंही सरकणं त्यात मिसळतं. जो सूर अजिबात सरकत नाही, तो बहुधा आपल्यासोबतच फिरतोय, म्हणजे जमिनीवरचा किंवा भूस्थिर उपग्रहाचा. जो सेकंदाला शेकडो हर्ट्झ पळतो, तो खालच्या कक्षेतला उपग्रह. मधलं काही असेल तर पुढे जायचं. पण सावध राहून: स्वस्त रिसीव्हरमधलं वारंवारता ठरवणारं स्फटिक तापलं की तेही हळूहळू सरकतं आणि हुबेहूब असाच आभास निर्माण करतं. म्हणूनच मोठ्या वेधशाळा अणुघड्याळांवर चालतात.

तिसरी कसोटी मान वळवण्याची. पाच मिनिटं ताऱ्याकडे, पाच मिनिटं बाजूला, पुन्हा ताऱ्याकडे, पुन्हा वेगळ्या बाजूला. असं अर्धा तास. सिग्नल तिन्ही वेळा ताऱ्याकडे बघताना हजर आणि तिन्ही वेळा बाजूला बघताना गैरहजर हवा. साधी युक्ती आहे, नव्याण्णव टक्क्यांहून अधिक कचरा इथंच गळतो. खोडदसारख्या विखुरलेल्या दुर्बिणीचा आणखी एक फायदा: आकाशातल्या एका बिंदूवरून आलेली लहर प्रत्येक डिशवर ठरावीक उशिरानं पोचते, तर एखाद्या गावातल्या सैल विद्युत तारेची ठिणगी एकदोन डिशनाच त्रास देते आणि उशिराच्या हिशोबात बसत नाही.

या चाळण्यांतूनही माणसं फसलेली आहेत. १९६७ साली जोसेलिन बेल यांना १.३३७ सेकंदांनी येणारा स्पंद मिळाला, गमतीत त्याला परग्रहवासीयांचं नावही मिळालं, निघाला पल्सार, म्हणजे गरगर फिरणारा मृत तारा. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला वर्षानुवर्षं सतावणारे काही झटके २०१५ साली उलगडले: जेवणाच्या खोलीतल्या मायक्रोवेव्हचं दार तो चालू असतानाच उघडलं की ते यायचे. त्याच दुर्बिणीनं २०१९ साली प्रॉक्झिमा सेंटॉरीकडे बघताना ९८२ मेगाहर्ट्झचा एक सूर टिपला. अरुंद होता, सरकत होता, ताऱ्याकडे बघतानाच दिसत होता. शेवटी त्याचीच भावंडं इतर वारंवारतांवर, ताऱ्याकडे तोंड नसतानाही सापडली आणि ते उपकरणांच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक घड्याळांच्या सुरांचं मिश्रण ठरलं. राहता राहिला अमेरिकेतल्या बिग इअर दुर्बिणीला मिळालेला १९७७ चा 'वॉव' सिग्नल. ७२ सेकंद, म्हणजे त्या स्थिर दुर्बिणीच्या नजरेतून आकाशातला बिंदू सरकायला लागतो नेमका तेवढाच वेळ. हे त्याच्या बाजूनं. विरुद्ध बाजू अशी की तिथं काही मिनिटांच्या अंतरानं तोच बिंदू बघणारे दोन भोंगे (लहरी गोळा करणारी तोंडं) होते, आणि दिसला एकालाच. नंतर पुष्कळदा शोधूनही तो पुन्हा आला नाही. पुन्हा न दिसलेल्या सिग्नलला कुणीही ग्राह्य धरत नाही, मग तो कितीही देखणा असो.

उलट दिशेनं एक खात्रीचं उदाहरण खोडदचंच आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपासचा मोजक्या वॉटचा सूर जीएमआरटीनं १७ कोटींहून अधिक किलोमीटरवरून थेट पकडला. यानाचा वेग बदलला तशी रेषा वाकत गेली, आणि उतरण्याच्या थोडं आधी ती तुटली. यान कोसळलं होतं. परक्या यंत्राचा सूर पडद्यावर कसा दिसेल, याचा याहून चांगला नमुना नाही.

घरच्या गच्चीवरून काय करता येईल, असंही विचारलं जातं. परग्रहवासी नाही; पण १४२०.४०६ मेगाहर्ट्झची हायड्रोजनची रेषा, म्हणजे अवकाशातला हायड्रोजन वायू स्वतःहून सोडतो तो सूर, जिच्याभोवती हा सगळा शोध सुरू झाला, ती मात्र नक्की दिसते. अँटेनासाठी पुण्याच्या बोहरी आळीतून जीआय पत्रा आणून आतून १६.५ × ८.२५ सेंटिमीटरची, किमान २० सेंटिमीटर लांब, एका बाजूनं बंद पेटी करून घ्या. रुंद बाजूच्या मध्यरेषेवर, बंद टोकापासून ६.९ सेंटिमीटरवर कनेक्टर, आणि त्याच्या मधल्या पिनला ५ सेंटिमीटर तांब्याची तार. उघड्या टोकाला पुठ्ठ्यावर अॅल्युमिनियम फॉइल चिकटवून केलेला भोंगा: तोंड ७५ × ६० सेंटिमीटर, लांबी ९०. ७५ ची बाजू पेटीच्या १६.५ च्या बाजूला धरून. तेलाचा १५ लिटरचा चौकोनी डबा वापरायचा मोह टाळा. तो या वारंवारतेला इतका रुंद पडतो की आत लहरी एकाहून जास्त तऱ्हांनी चालतात आणि भोंगा नेमका कुठे बघतोय याचा भरवसा राहत नाही.

तारेला लागूनच १४२० चा फिल्टर असलेला अॅम्प्लिफायर जोडायचा. तापकीर गल्लीत मिळणारी साधी आरजी-५८ केबल इथं मीटरमागे अर्ध्या डेसिबलहून जास्त खाते, म्हणून अॅम्प्लिफायर आधी, केबल नंतर. पुढे आरटीएल-एसडीआर (यूएसबीला लावायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉप. फिल्टर नसेल तर मोबाईल मनोऱ्यांचे ९०० आणि १८०० चे सिग्नल रिसीव्हरला बधिर करतात. पेठांमध्ये तर नक्कीच.

पहिली चाचणी आकाशाची नाहीच. भोंगा जमिनीकडे वळवा: गोंगाट तीन ते पाच डेसिबलनं वाढला पाहिजे, कारण जमीन ३०० केल्विनची आणि या वारंवारतेला आकाश दहाच्या आसपास. एक डेसिबलही वाढला नाही तर अॅम्प्लिफायरला वीज पोचत नाही, तो उलटा लावलाय, किंवा तार पेटीला टेकली आहे. हे जमलं की सप्टेंबरअखेर रात्री ९ च्या सुमाराला हंस तारकासमूहाकडे, माथ्यापासून उत्तरेला २० ते २५ अंश. हिवाळ्यात संध्याकाळनंतर मृग आणि पुनर्वसू यांच्या मधली जागा. पाच मिनिटं सरासरी घ्या, मग आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूरची दिशा पाच मिनिटं, आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागा. दहाच्या काही पटींइतक्या केल्विनचा फुगवटा वर यायलाच हवा. पाच मिनिटांत आला नाही तर दोष जोडणीत शोधा, जास्त वेळ घेऊन काही साधत नाही.

फुगवटा १४२०.४०६ वर नेमका नसेल, आणि तेच बरोबर आहे. दर सेकंदाला एक किलोमीटर वेगामागे रेषा ४.७४ किलोहर्ट्झ सरकते, आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते एवढ्यानंच ती वर्षभरात दोन्हीकडे १४० किलोहर्ट्झपर्यंत हलते. ही दुरुस्ती केल्याशिवाय आकाशगंगेच्या भुजांचे वेग काढू नका. १४२०.००० वर एखादा सुईसारखा काटा उभा दिसला तर तो आकाशातला नाही: १० मेगाहर्ट्झच्या घड्याळाचा १४२ वा किंवा २० च्या घड्याळाचा ७१ वा गुणक आहे, लॅपटॉप, राउटर किंवा चार्जर यांपैकी कशातला तरी. एकेक वस्तू बंद करत जा, काटा जाईल. लॅपटॉप लांब यूएसबी केबलनं दूर ठेवणं आणि गच्चीवरचा एलईडी दिवा मालवणं, याचा फरक लगेच पडतो. हा भोंगा खोडदच्या तुलनेत सुमारे दोन लाख पट बोथट आहे आणि रिसीव्हरच्या घड्याळातच हजारभर हर्ट्झची अनिश्चितता असते, तेव्हा एका हर्ट्झच्या काट्यांमागे लागण्यात अर्थ नाही. ते काम जिथं होतं ती जागा बघायची असेल तर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदला सर्वांसाठी प्रदर्शन असतं. तिथल्या अभियंत्यांना गोंगाट कसा गाळता, हे विचारा. परग्रहवासीयांबद्दल विचारण्यापेक्षा त्या प्रश्नाला फार सविस्तर उत्तर मिळतं.